शॉकअप, स्ट्रट की सस्पेन्शन? गाडीच्या भागांची नावं शिकायची कुठून

तुमचा प्रश्न मला असा समजला. गाडी नऊ वर्षांची आहे आणि खड्ड्यातून जाताना पुढून आवाज येतो. पहिल्या मेकॅनिकने सांगितलं, "शॉकअप गेलेत." दुसरा म्हणाला, "सस्पेन्शनचं काम निघालंय." तिसऱ्याने कागदावर लिहून दिलं, "फ्रंट स्ट्रट असेंब्ली 2, लोअर आर्म बुश, लिंक रॉड, अलाइनमेंट." हे तिघं एकच सांगताहेत का, आणि भागांची नावं एकदाची शिकायची तर यादी पाठ करायची का, असं तुम्ही विचारलंय.

आधी यादीबद्दल सांगतो. पाठ करू नका. मी सव्वीस वर्षं गाड्या उघडतोय आणि मलाही यादी पाठ नाही. मला माहीत आहे ते एवढंच की कोणता भाग कोणाला धरून ठेवतो, कोण कोणाला फिरवतो आणि तो झिजला की गाडी काय करते. तुमची अडचण शब्द कमी पडण्याची नाही. एकाच वस्तूला तीन नावं असतात आणि एकाच नावाखाली तीन वस्तू असतात, तिथे माणूस अडकतो. मेकॅनिकही अडकतात, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

आता तुमचे तीन मेकॅनिक. सस्पेन्शन हे एका भागाचं नाव नाही. चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये जे जे आहे, म्हणजे स्प्रिंग, शॉकअप, आर्म, बुश, बॉल जॉइंट, लिंक, त्या सगळ्या कुटुंबाचं ते नाव. म्हणून "सस्पेन्शनचं काम" हे वाक्य "पोटाचा त्रास आहे" यासारखं आहे. खरं असतं, पण त्यावर औषध देता येत नाही.

शॉकअप म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, आणि हे नावच जरा दिशाभूल करणारं आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंग एकदा दबली की तिला परत उसळायचं असतं, मग पुन्हा दबायचं, पुन्हा उसळायचं. नुसत्या स्प्रिंगवर गाडी सोडली तर एका खड्ड्यानंतर ती बराच वेळ झुलत राहील. ते झुलणं थांबवणं हे शॉकअपचं काम. आत तेल असतं, तेलातून दट्ट्या फिरतो, दट्ट्याला बारीक छिद्रं आणि झडपा असतात. त्या अरुंद वाटांतून तेल ढकलताना हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावरून लांबचा प्रवास झाल्यावर शॉकअपला हात लावलात तर तो गरम लागेल. अभियंते याला डँपर म्हणतात आणि मला तेच नाव बरोबर वाटतं.

स्ट्रट ही त्यापुढची गोष्ट. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकी अभियंत्याने डँपर आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात बसवले आणि चाकाला वरून आधार देण्याचं कामही त्याच खांबावर टाकलं. 1950 साली आलेल्या फोर्ड कॉन्सलमध्ये ही रचना होती. आज बहुतेक छोट्या आणि मध्यम गाड्यांच्या पुढच्या चाकांना हीच असते. म्हणजे प्रत्येक स्ट्रटमध्ये शॉकअप असतो, पण प्रत्येक शॉकअप स्ट्रट नसतो. हा फरक फक्त शब्दांचा नाही. साधा शॉकअप बदलला तर चाकाचा कोन सहसा तसाच राहतो. स्ट्रट हा चाकाला उभं धरणारा खांब असल्यामुळे तो सोडवून पुन्हा बसवला की कोन हलतो. तुमच्या कागदावर स्ट्रटनंतर अलाइनमेंट लिहिलंय ते याच कारणाने, आणि ते योग्य आहे.

तेव्हा पहिला आणि तिसरा बहुधा एकाच वस्तूकडे बोट दाखवताहेत. दुसऱ्याने अजून बोट दाखवलेलं नाही.

"बहुधा" म्हणालो, कारण गाडी मी पाहिलेली नाही. तुमच्या गाडीला पुढे कोणती रचना आहे, मागे आडवा बीम आहे की दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत, किंवा गाडी जुन्या बांधणीची असून मागे पाटे आहेत, यावर नावं आणि कामं दोन्ही बदलतात. पाटे असलेल्या गाडीत "कमान तुटली" असं ऐकलंत तर गोल स्प्रिंग डोळ्यांपुढे आणू नका. तिथे पट्ट्यांची चळतच स्प्रिंगचं काम करते.

नावं शिकायची माझी पद्धत सांगतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी पुस्तक देत नाही. त्यांना जोर कुठून निघतो आणि कुठे पोचतो ती वाट तोंडाने म्हणायला लावतो. सिलिंडरमध्ये इंधन जळतं, ते पिस्टनला खाली ढकलतं. पिस्टन म्हणजे पिचकारीतला दट्ट्याच, फक्त इथे आतला जाळ दट्ट्याला ढकलतो. पिस्टनचं वरखाली होणं कनेक्टिंग रॉडमधून क्रँकशाफ्टपर्यंत येतं आणि तिथे त्याचं गोल फिरणं होतं. क्रँकच्या टोकाला फ्लायव्हील, त्याला चिकटून क्लच, क्लचमागे गिअरबॉक्स, पुढे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शियल, तिथून ड्राइव्हशाफ्ट, आणि मग चाक. ही वाट पाठ असली की क्लच म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जोडणी तोडणारा आणि पुन्हा लावणारा तो क्लच. इंजिनचा आवाज चढतोय आणि गाडी त्या मानाने ओढत नाही, म्हणजे जोर या वाटेवर मध्येच कुठेतरी निसटतोय. हाताने गिअर टाकायच्या गाडीत पहिला संशय क्लच प्लेटवर जातो. तुम्हाला नाव आठवलं नाही तरी वाट आठवली की संशय योग्य जागी पोचतो.

दुसरी वाट उलटी, रस्त्याकडून गाडीकडे येणारी. टायर, रिम, हब म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसतं तो मधला भाग, त्यातलं बेअरिंग, बेअरिंगला धरणारं नकल, नकलला सगळीकडे वळू देणारा बॉल जॉइंट, चाकाला सांगाड्याशी बांधणारा आडवा हात म्हणजे आर्म, बुश, सांगाडा. धक्का याच क्रमाने वर चढतो आणि प्रत्येक जोड त्यातला आपापला वाटा खातो. तुमच्या कागदावरचे लोअर आर्म आणि बुश याच वाटेवरचे आहेत. स्ट्रट आणि लिंक रॉड याच वाटेला जोडलेले; लिंक रॉड म्हणजे वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याला स्ट्रटशी किंवा आर्मशी जोडणारी छोटी कांडी.

यातला बुश हा फार दुर्लक्षित भाग आहे, म्हणून दोन वाक्यं जास्त. धातूच्या दोन नळ्यांमध्ये घट्ट बसवलेला रबराचा गोळा, एवढंच ते. आर्म हलू द्यायचा, पण धातूला धातू लागू द्यायचा नाही, हे त्याचं काम. रबर वयाने कडक होतं, चिरतं. गाडी कमी चालली तरी होतं. बुश गेला की ब्रेक मारताना चाक किंचित मागे सरकतं आणि पायाखाली "धप्प" असा बोथट आवाज येतो, स्टिअरिंग सैल वाटतं. लोक शॉकअप बदलतात, आवाज तसाच राहतो, मग मेकॅनिक वाईट ठरतो. असे प्रसंग मी इतके पाहिलेत की पुढून आवाज येणारी गाडी आली की मी आधी सब्बल घालून बुश हलवून बघतो, शॉकअपकडे नंतर वळतो.

आता एकाच वस्तूला दोन नावं का, याचं अर्धं उत्तर इंग्लंड आणि अमेरिकेत आहे. एकीकडे बोनेट म्हणतात, दुसरीकडे हुड. बूट आणि ट्रंक, सायलेन्सर आणि मफलर, गिअरबॉक्स आणि ट्रान्समिशन, विंडस्क्रीन आणि विंडशील्ड, या सगळ्या त्याच जोड्या. आपल्या बोलण्यात ब्रिटिश नावं रुजली, व्हिडिओंतून अमेरिकी नावं कानावर पडतात, आणि नवशिक्याला वाटतं हे दहा वेगळे भाग आहेत. त्यात "बूट" हा शब्द आणखी फसवतो. गाडीच्या मागे सामान ठेवायची जागा ती बूट, आणि ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यावर ग्रीस धरून ठेवणारी रबराची घडीदार टोपीही बूटच. "बूट फाटलाय" असं कुणी म्हणालं तर तो दुसरा.

उरलेलं उत्तर इतिहासात आहे. वस्तू जाते, नाव राहतं. डॅशबोर्ड ही मुळात घोडागाडीच्या पुढची फळी होती, घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवायला. डिकी हे जुन्या गाड्यांच्या मागच्या बाजूला उघडणाऱ्या जादा आसनाचं नाव होतं, आसन गेलं आणि नाव सामानाच्या जागेला चिकटलं. वेल्समधल्या लानेली गावात 1904 च्या सुमाराला स्टेपनी नावाचं जादा चाक बनू लागलं. त्या काळी गाड्यांबरोबर जादा चाक येतच नसे, त्यामुळे ते चाक जगभर गेलं. कंपनी विस्मरणात गेली तरी आपण आजही स्टेपनीच म्हणतो. "सेल्फ मार" मधला सेल्फ म्हणजे सेल्फ स्टार्टर, 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये चार्ल्स केटरिंगने आणलेला विजेचा स्टार्टर. त्याआधी पुढे हँडल घालून इंजिन फिरवावं लागे, तेव्हा गाडीने स्वतः सुरू होणं हीच मोठी गोष्ट होती. डायनॅमोही तसाच. गाड्यांमध्ये वीज तयार करायला आता अल्टरनेटर असतो, पण जुनी मंडळी डायनॅमोच म्हणतात, आणि त्याने काही बिघडत नाही.

काही नावांनी मात्र बिघडतं. माझा जीव तुटतो तो इथे.

पहिलं उदाहरण "ब्रेक ऑइल". सगळे असंच म्हणतात, मीही म्हणतो. पण बहुतेक गाड्यांच्या ब्रेकमध्ये असतो तो द्रव तेल नाहीच, तो ग्लायकॉल जातीच्या रसायनांचा असतो. डब्यावर डॉट 3, डॉट 4 असं लिहिलेलं असतं. नाव "ऑइल" म्हणून कुणी पातळी कमी दिसली की घरात असलेलं इंजिन ऑइल त्यात ओततो. त्या तेलाने ब्रेकच्या आतली रबरी सीलं फुगतात आणि मऊ पडतात. पुढे पेडल मऊ लागतं किंवा ब्रेक अडकून बसतो. अशी गाडी आली की पेडलचा जोर द्रवाला देणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून चारी चाकांपर्यंत रबर असलेली प्रत्येक वस्तू बदलावी लागते, कारण कुठलं सील कधी दगा देईल सांगता येत नाही. शिवाय हा द्रव हवेतला ओलावा ओढून घेतो. नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि पाणी शोषलेल्या अवस्थेत किमान 155. मोठ्या उतारावर सतत ब्रेक दाबत गेलात की हा फरक जीवाशी येतो. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दबते, त्यामुळे पेडल थेट तळाला जातं. तो दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा असतो तो यासाठी. नेमकी मुदत तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल.

दुसरं उदाहरण "बेल्ट". माझ्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट आहे. मी एका गृहस्थांना विचारलं, "बेल्ट कधी बदललाय?" ते म्हणाले, "गेल्याच वर्षी." मी पुढे काही विचारलं नाही. मी टायमिंग बेल्टबद्दल विचारत होतो, ते फॅन बेल्टबद्दल सांगत होते. तीन आठवड्यांनी गाडी ओढून आणावी लागली. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवलं तर झडपा वाकलेल्या. चूक माझी होती, प्रश्न मी अर्धवट विचारला होता.

फॅन बेल्ट इंजिनच्या बाहेर दिसतो. तो अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, कधी पाण्याचा पंप फिरवतो. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, त्या बेल्टचा फॅनशी संबंध उरलेला नाही, तरी नाव तेच. तो तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि तुम्हाला थांबायला सहसा थोडा वेळ मिळतो. पाण्याचा पंप त्यावर असेल तर लगेच थांबा. टायमिंग बेल्ट झाकणाच्या आत असतो. तो क्रँकशाफ्ट आणि झडपा उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट यांना एका तालात ठेवतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक झडप सेकंदाला 25 वेळा उघडते आणि मिटते, आणि पिस्टन वर येईपर्यंत तिने बाजूला झालेलं असावंच लागतं. ताल तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या झडपेवर आदळतो. काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते, मग हिशोब वेगळा. तुमच्या गाडीत काय आहे ते आजच पुस्तकात बघून ठेवा.

आणखी एक जोडी सतत गोंधळ घालते, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. दोन्ही चाकांची कामं, बऱ्याचदा एकाच वेळी होतात, म्हणून एकच वाटतात. अलाइनमेंट म्हणजे चाकं कोणत्या दिशेला आणि किती कललेली उभी आहेत ते जुळवणं. बॅलन्सिंग म्हणजे एका चाकाचं वजन त्याच्या सगळ्या घेरात सारखं वाटणं, रिमच्या कडेला चिकटवलेले छोटे तुकडे त्यासाठीच असतात. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेला झिजतो, स्टिअरिंग सरळ असताना लोगो वाकडा दिसतो, तर अलाइनमेंट. ताशी 80 ते 100 किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंग थरथरतं आणि वेग बदलला की थांबतं, तर बहुतेक वेळा बॅलन्सिंग.

टायरचाच विषय निघालाय तर त्यावरचे आकडे वाचायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे. 185/65 आर 15 88 एच, म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 65 टक्के, म्हणजे साधारण 120 मिलिमीटर, आणि 15 इंची रिम. 88 हा भाराचा अंक, एका टायरवर 560 किलोपर्यंत. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतचा वेग. मधला आर अनेकांना त्रिज्या वाटतो. तो रेडियल या बांधणीचा आर आहे, आणि 15 हा रिमचा व्यास.

इथवर नावांचं झालं. पण मेकॅनिकशी बोलताना मी तुम्हाला नावं वापरायला सांगणार नाही. भागाचं नाव तुम्ही उच्चारलंत की त्याचा तपास तिथेच थांबण्याचा धोका असतो. "शॉकअप बदला" म्हणालात तर शॉकअप बदलला जाईल, आवाज जाईलच असं नाही. त्यापेक्षा आवाज सांगा. मराठीत आवाजांना इतके नेमके शब्द आहेत की त्यांवरून मी अर्धा तपास उभ्याउभ्या करतो. लहान लहान उंचवट्यांवर पुढून हलकी टकटक येते तेव्हा मी लिंक रॉड हलवून बघतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना कटकट झाली तर ड्राइव्हशाफ्टचा बाहेरचा सांधा, आणि बूट फाटून ग्रीस गेलेलं जवळजवळ नेहमी सापडतं. वेगाबरोबर वाढत जाणारी घूंऽऽ अशी घरघर, जी वळणावर कमीजास्त होते, ती चाकाच्या बेअरिंगची. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि वरच्या बाजूने करकर ऐकू आली, तर स्ट्रटच्या डोक्यावरचं माउंट आणि त्यातलं बेअरिंग. आवाजासोबत कधी तेही सांगा. सकाळी पहिल्यांदा की गरम झाल्यावर, ब्रेक मारताना की सोडताना, एकटे असताना की चार माणसं बसल्यावर.

बाजू सांगताना मात्र डावी-उजवी ही नेहमी आत बसून, पुढे तोंड करून ठरवायची. बोनेटसमोर उभं राहून डावी म्हणालात तर ती उजवी असते. चुकीच्या बाजूचा भाग मागवला जाण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

आता तुमच्या कागदाकडे परत. काम सांगण्याआधी गाडी उचलून तुमच्यासमोर बघायला सांगा. स्ट्रटवर तेल ओघळलेलं आहे का? नुसती ओलसर धूळ असेल तर मी बदलायला सांगत नाही, तेल वाहत असेल तर सांगतो. गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडला आणि एकदा वर येऊन ती स्थिर झाली तर बरं. दोन-तीनदा झुलली तर शॉकअप नक्की गेलाय. स्थिर झाली म्हणून मात्र तो चांगलाच असेल असं नाही, आजकालच्या गाड्यांत ही चाचणी एकतर्फी आहे. लिंक रॉड हाताने हलवून बघता येतो. बुशच्या रबराला चीर दिसते. बॉल जॉइंटचं कागदावर नाव नाही, पण गाडी वर आहेच तर तोही हलवून बघायला सांगा. शॉकअप गेला तर गाडी झुलते, बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं, म्हणून त्यात मी थांबून बघू असं कधी म्हणत नाही.

"असेंब्ली" या शब्दावर थांबा. त्यात स्प्रिंग आणि वरचं माउंट नवं येणार आहे, की जुनीच स्प्रिंग काढून नव्या शॉकअपवर बसवणार आहेत, हे विचारा. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. नऊ वर्षांच्या गाडीत स्प्रिंग शाबूत असेल तर मी ती ठेवतो, माउंट मात्र नवं घालतो, कारण त्यासाठी सगळं पुन्हा उघडायची वेळ येऊ नये. 2 लिहिलंय ते ठीक आहे. एकाच आसावरचे दोन्ही शॉकअप एकदम बदलायचे असतात, नाहीतर एक बाजू कडक आणि एक मऊ राहते.

भाग मागवताना नावावर विसंबू नका. गाडीचा चेसिस नंबर द्या, तो 17 अक्षरांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात, कारण ती 1 आणि 0 सारखी दिसतात. तेव्हा तिथे ओ वाटलं तर शून्य लिहा. त्या नंबरावरून मिळालेला पार्ट नंबर नव्या खोक्यावरच्या नंबरशी ताडून बघा. आणि अलाइनमेंट झाल्यावर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागून घ्या. स्ट्रट बदलूनही आधीचे आणि नंतरचे आकडे तंतोतंत सारखे असतील, तर गाडी पुन्हा मशीनवर चढवायला सांगा.